विमानाची कातडी



या व्यासपीठावरून इतिहास सांगावयास मोठमोठी पंडित मंडळी येतात. मी पंडित नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या रंगखात्यात, रात्रीच्या शाळेत आणि युनियनच्या कचेरीतील एका मोडक्या कपाटात. तेव्हा आजच्या विषयात सनावळ्या येतील, पण त्या राजेरजवाड्यांच्या नसतील. विमानाला बाहेरून जो रंग असतो, तो का असतो, तो उडतो केव्हा आणि तो जपतो कोण, एवढीच गोष्ट मला सांगावयाची आहे.

विषय सुचला तो असा. दोन वर्षांपूर्वी एका बैठकीसाठी लोहगावहून पंख्याच्या एका लहान विमानाने जाण्याचा योग आला. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त गुरुजी होते. पट्टा बांधून झाल्यावर त्यांनी खिडकीतून इंजिनाकडे बोट दाखविले. तेथे रंगाचे पोपडे निघाले होते आणि मागे काजळीचा लांब ओघळ होता. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "अहो, बाहेरून एवढं दिसतंय, तर आत काय असेल?"

मी तरुणपणी बसच्या बॉड्या रंगविणाऱ्या एका कारखान्यात उमेदवारी केलेली. अस्तराचा हात, लांबी भरणे, पॉलिशपेपर मारणे, मग रंगाचे दोन हात, हे सारे अंगात मुरलेले. त्या तोऱ्यात मी म्हणालो, "गुरुजी, रंग ही शोभेची वस्तू. काळजी नको." विमान सुखरूप उतरले. घरी आल्यावर मात्र मनाला लागून राहिले की, आपण जे ठामपणे सांगितले त्यातले आपल्याला काही माहीत नव्हते. मग वाचावयास बसलो. पहिला शोध लागला तो हा की, मी गुरुजींना चुकीचे सांगितले होते.

आपल्याकडील टपालविमानाची सुरुवात ठाऊक नाही असा माणूस या सभागृहात नसेल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीचे लहान विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला आणले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. पण पुणेकरांना बहुधा ठाऊक नसते ते पुढेच आहे. जुहूचे मैदान समुद्राला चिकटून आणि सखल. पावसाळ्यात तेथे चिखल होई, भरतीचे पाणी येई, विमान उतरविण्याची सोय राहत नसे. म्हणून पावसाळा आला की ही विमान कंपनी आपला सारा संसार उचलून पुण्यास येई. संसार तो केवढा? दोन विमाने, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक. त्यांना जागा मिळाली येरवड्याच्या तुरुंगालगतचे मैदान. ज्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला, त्याच्याच सावलीत देशाची टपालविमाने पावसाळा काढीत होती.

त्या तीन मेकॅनिकांची नावे मला कोठे सापडली नाहीत. वैमानिकांची सापडतात, मालकाचे तर पुतळे होतात. असो. पण त्यांच्या हाती जे यंत्र होते ते कसले होते हे पाहिले की त्यांच्या कामाची कल्पना येते. पस मॉथ हे धातूच्या पत्र्याचे विमान नव्हते. धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंखांचा लाकडाचा, आणि या साऱ्यावर ताणून बसविलेले कापड. होय, कापड. शिवून, ताणून, त्यावर 'डोप' नावाचे रोगण कुंच्याने लावीत. हे रोगण वाळताना आकसते आणि कापड तबल्याच्या पुडीसारखे ताठ करते. ते ताठ असेल तोवरच पंखाचा आकार टिकतो आणि तोवरच विमान नीट उडते. शेवटच्या हातांत ॲल्युमिनियमची पूड मिसळीत. त्यामुळे विमान चांदीसारखे चमके. पण ती पूड चमकण्यासाठी नसे. ऊन कापडाचे तंतू कुजविते, ते पुडीच्या थरावरून परतावे यासाठी ती असे.

म्हणजे पहिल्या दिवसापासून विमानाचा रंग ही त्याची कातडी होती, अंगरखा नव्हे. उन्हाने डोप तडकते. भेगा पडतात त्या पुष्कळदा वर्तुळाकार, आणि इंग्रज कारागीर त्यांना नायट्याच्याच नावाने ओळखत. भेगेतून पाणी शिरले की कापडाला बुरशी धरते. तेव्हा येरवड्याच्या आषाढ-श्रावणात कापडाचे विमान उडते ठेवणे म्हणजे रोज त्याच्या अंगावरून हात फिरविणे, कोठे सैल झाले, कोठे तडकले ते बोटांनी चाचपणे, ठिगळ लावून पुन्हा रोगण देणे हे ओघानेच आले. पहिल्या वर्षी त्या विमानांनी १,६०,००० मैल उड्डाण केले आणि १५५ उतारू नेले. या आकड्यांचे कौतुक आपण करतो, आणि करावेच. त्यात चाचपणाऱ्या बोटांचा हिस्सा किती, हे ताळेबंदात लिहिण्याची पद्धत नाही.

डोपची आणखी एक कथा आहे, आणि ती मी टाळू शकत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळी इंग्लंड-जर्मनीतील विमान कारखान्यांत जे डोप वापरीत, त्यात टेट्राक्लोरोएथेन नावाचे द्रावण असे. बंद खोलीत कुंचा घेऊन दिवसभर ते लावणाऱ्या कामगारांना कावीळ होऊ लागली. त्यांत पुष्कळशा तरुण मुली होत्या. काही दगावल्या. यकृत जळत होते. अखेर ब्रिटनमध्ये १९१६ पासून या काविळीची सरकारदरबारी नोंद सक्तीची झाली, आणि मग निर्धोक द्रावणे निघाली. विमानाची कातडी शाबूत राखताना माणसाची कातडी सोलली जाते, हा प्रश्न तेव्हापासून या धंद्याच्या पाठीस लागला आहे.

कापडानंतर धातू आला. निव्वळ ॲल्युमिनियम हलके असते पण मऊ असते. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड विल्म या जर्मन संशोधकाने त्यात थोडे तांबे व इतर धातू मिसळून आणि मिश्रण तापवून मुरू देऊन ते कणखर केले. हेच ड्युरालुमिन. पण तांब्याने बळ आले तसा एक दुर्गुणही आला. दमट, खारट हवेत हा पत्रा आतून खाल्ला जातो. लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही. पांढरी भुकटी येते आणि पत्र्याचे पदर सुटू लागतात. यावर १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत तोड निघाली ती आपल्या घरातल्या आयाबायांना लगेच कळेल. पितळेच्या पातेल्याला आपण कल्हई करतो, तद्वत या कणखर पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवावयाचा. कल्हई शाबूत आहे तोवर आतले पितळ कळकत नाही. ती कोठे खरवडली की तेथून बिघडावयास सुरुवात.

अशा पत्र्याचे सर्वांत प्रसिद्ध विमान म्हणजे डाकोटा. १७ डिसेंबर १९३५ रोजी ते प्रथम उडाले, आणि दुसरे महायुद्ध संपताच युद्धातील जादा डाकोटा स्वस्तात विकावयास निघाली. हिंदुस्थानात त्यांची रांग लागली. कित्येकांवर लष्करी हिरवट रंग होता. तो खरवडून काढून, आत खुर्च्या बसवून उतारूंची विमाने तयार झाली. १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली डाकोटा मध्यरात्री आपल्या नागपूरला एकत्र जमत, टपालाच्या थैल्या बदलीत आणि पहाटेच्या आत परत फिरत. १९५३ साली विमानधंद्याचे राष्ट्रीयीकरण झाले. आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हा तिच्या वाट्याला ७४ डाकोटा आल्या. आठ घरची भांडी एका मांडणीवर आली म्हणावयाची. प्रत्येकीचे रंग निराळे, पट्टे निराळे, नावे निराळी.

त्या काळच्या छायाचित्रांत डाकोटाचा पुष्कळसा भाग उघड्या धातूचा दिसतो, घासून चकचकीत केलेला. फक्त टपावर पांढरा रंग असे. आपल्या उन्हात उभ्या विमानाची भट्टी होते, पांढऱ्या टपाने ती थोडी निवते. गच्चीला चुना लावण्यातला हा शहाणपणा. पूर्ण रंग का देत नसत? वजन! पुढे आलेल्या जंबो विमानावरचा रंग सुमारे अडीचशे किलो भरतो. तेवढे ओझे आयुष्यभर प्रत्येक फेरीत वाहावयाचे. अमेरिकन एअरलाइन्सने या हिशेबाने आपली विमाने दशकानुदशके उघड्या धातूची ठेवली आणि २०१३ मध्ये ती चाल सोडली, कारण नव्या विमानांचे अंग धातूचे नसून कार्बनच्या धाग्यांचे आहे, आणि त्याला रंगावाचून गत्यंतर नाही. पण मला यात महत्त्वाचे वाटते ते निराळेच. उघडी धातू ठेवली तर रंगाचे पैसे वाचतात आणि घासणाऱ्यांची मजुरी वाढते. कातडी फुकट राखता येत नाही. एक तर डब्यातून पैसे जातात, नाही तर हातांतून.

जेट विमाने आल्यावर रंग हा जाहिरातीचा विषय झाला. एअर इंडियाचे पहिले जंबो 'एम्परर अशोक' १९७१ मध्ये आले, तेव्हा त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती राजस्थानी झरोक्याची महिरप रंगविली होती. साऱ्या जगाने वाखाणली. माझाही तिच्यावर राग नाही. रंगाऱ्याच्या हाताला चांगले काम मिळाले तर मला आनंदच आहे. तक्रार एवढीच की, तेव्हापासून लोकांना वाटू लागले, रंग म्हणजे कंपनीची सही. पुढे कंपन्या विलीन झाल्या, बुडाल्या, विकल्या गेल्या, आणि दर वेळी विमाने पुन्हा रंगविली गेली. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात मिळाली, २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली, २०२४ मध्ये विस्तारा तीत विलीन झाली. नवे रंग वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतात. जुना रंग खरवडणारा कोठेच येत नाही.

त्या खरवडणाऱ्याचे एक दुखणे सांगतो. विमानाच्या पत्र्यावर अस्तराचा जो हात देतात, तो पिढ्यान्‌पिढ्या क्रोमेटचा असे. पिवळट-हिरवा रंग, जुन्या विमानांच्या आतल्या अंगाला तुम्ही पाहिला असेल. गंज रोखण्यात त्याचा हात धरणारे दुसरे द्रव्य मिळणे कठीण. ओरखडा पडला तरी क्रोमेट झिरपून ती जागा झाकते. पण तेच क्रोमेट कामगाराच्या हाताला न भरणाऱ्या जखमा करते, नाकाच्या पडद्याला भोक पाडते. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात नोंदवावयाच्या रोगांच्या यादीत क्रोमचे व्रण मुळापासून होते. १९९० मध्ये कर्करोगाचे संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा क्रोमियमला माणसाच्या कर्करोगाचे निश्चित कारण ठरविले. वरच्या चकचकीत पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेट फवाऱ्यातून छातीत गेले तर दमा जडतो. जुना रंग सोडविण्याचे मिथिलीन क्लोराईड तर बंद जागेत माणूस जागच्या जागी पाडते. अमेरिकेत २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आली. बिनक्रोमेटची अस्तरे आता निघाली आहेत, रंग सोडविण्याची सौम्य द्रावणेही आहेत. ती महाग पडतात आणि वेळ अधिक घेतात. वेळेचे नाव निघाले की व्यवस्थापक घड्याळाकडे पाहतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येऊ. पंख्याच्या लहान विमानाचा रंग मोठ्यांपेक्षा लवकर विटलेला का दिसतो? ते खालून उडते, ढगातून आणि पावसातून उडते. ताशी चार-पाचशे किलोमीटर वेगाने पावसाचा थेंब नाकावर आणि पंखाच्या पुढच्या कडेवर आदळतो तो वाळूसारखा. शिवाय त्याच्या फेऱ्या आखूड. मोठे विमान दिवसात दोन-तीन वेळा उतरेल, हे सात-आठ वेळा. प्रत्येक उतरण्यात धावपट्टीवरचे खडे पोटावर उडतात, दारापाशी शिडी घासते, सामानाच्या गाड्या टेकतात. धुराड्याची काजळी इंजिनाच्या अंगावर बसते. आणि संपूर्ण रंग काढून नवा द्यावयाचा तर विमान आठवडा-दोन आठवडे उभे ठेवावे लागते. आज पुष्कळशी विमाने भाड्याची असतात. भाडेकरू घराला रंग केव्हा देतो, हे पुणेकरांना मी काय सांगावे?

तेव्हा नाकावरचा, पंखाच्या कडेवरचा, इंजिनाच्या झाकणावरचा उडालेला रंग पाहून घाबरण्याचे कारण नाही. तो झिजतोच, आणि तेथे ठिगळाने भागते. पण एक प्रकार निराळा आहे. रिव्हेटच्या डोक्याभोवती किंवा दोन पत्र्यांच्या सांध्यावर रंग फुगतो, आणि त्याखाली दोऱ्यासारख्या वेड्यावाकड्या रेषा पसरतात. ही रंगाखालची वाळवी. वरून रंग, आतून भुकटी. येथे रंग शोभेचा नाही आणि त्याचे उडणेही शोभेचे नाही. ते आतल्या रोगाचे पहिले लक्षण आहे. हा भेद गुरुजींना विमानात सांगता आला असता तर बरे झाले असते. मी त्यांना धीर दिला होता, माहिती नव्हे.

या वाळवीने काय होते याचा धडा जगाला हवाई बेटांनी दिला. ही बेटे म्हणजे आपल्या कोकणासारखी. सर्वत्र खारा वारा, एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचे तर वीस-पंचवीस मिनिटांची फेरी. तेथील अलोहा एअरलाइन्सचे एक बोइंग ७३७ विमान एकोणीस वर्षे या फेऱ्या करीत होते. प्रत्येक फेरीत आत हवा भरली जाई आणि पत्रा फुग्यासारखा ताणला जाई, उतरताना सैल होई. असे ८९,६८० वेळा झाले. सांध्यांतील चिकटद्रव्य ओलाव्याने सुटले होते, गंज धरला होता, आणि रिव्हेटच्या भोकाभोकातून केसासारख्या भेगा एकमेकींकडे सरकत होत्या. २८ एप्रिल १९८८ रोजी चोवीस हजार फुटांवर पुढच्या भागाचे छप्परच उडून गेले. वर आकाश, खाली समुद्र, मध्ये पट्ट्यांनी बांधलेली माणसे. विमानातील एक सेविका वाऱ्याबरोबर गेली ती कायमची. बाकीचे ९४ जण वाचले. वैमानिकांनी तशा स्थितीत विमान उतरविले.

चौकशीत दोन गोष्टी बाहेर आल्या. पहिली, या विमानांची तपासणी बहुतेक रात्री, तुकड्यातुकड्याने होत असे, कारण दिवसा ती उडाली पाहिजेत. रात्री तीन वाजता उजेडाचा दिवा धरून हजारो रिव्हेट एकामागून एक पाहणाऱ्या माणसाचे डोळे काय पाहतील? रात्रपाळी केलेल्या कोणालाही विचारा. दुसरी गोष्ट अधिक चटका लावणारी. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ पत्र्यावर भेग दिसली होती. त्या काही बोलल्या नाहीत. विमानवाल्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते, असे त्यांना वाटले असेल; आपल्यालाही तसेच वाटते. म्हणून गुरुजींनी विचारले, हे मला आता मोलाचे वाटते. या अपघातानंतर जुन्या विमानांच्या गंजासाठी सक्तीची वेळापत्रके आली.

नुसते धुणे-पुसणेही किती जोखमीचे असते ते पेरूमध्ये दिसले. विमानाच्या अंगावर लहान छिद्रे असतात. त्यांतून बाहेरच्या हवेचा दाब मोजून उंची आणि वेग कळतो. धुताना आत पाणी जाऊ नये म्हणून ती झाकतात आणि नंतर झाकण काढतात. लिमा येथे एका बोइंग ७५७ विमानाची सफाई झाली, तेव्हा ही छिद्रे रुपेरी चिकटपट्टीने झाकली होती. रुपेरी पत्र्यावर रुपेरी पट्टी! ती काढावयाची राहिली. सफाई करणाऱ्याच्या ध्यानात आले नाही, तपासनिसाच्या आले नाही, वैमानिकाच्या आले नाही. २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्री विमान उडाले, आपण किती उंचीवर आहोत हे वैमानिकांना कळेना, आणि ७० माणसे समुद्रात गेली. खटला त्या सफाई कामगारावर चालला आणि तो दोषी ठरला. त्याची चूक नव्हती असे मी म्हणत नाही. पण लाल झाकणाऐवजी हाताशी होती ती पट्टी त्याला लावावी लागली, आणि त्याच्या कामावर नजर टाकणाऱ्यांची साखळीच्या साखळी झोपली होती. शिक्षेच्या वेळी मात्र साखळीची खालची कडी तेवढी सापडली.

आता घरचे सांगतो. काही वर्षांपूर्वी एका विमानतळावर विमाने धुण्याचे काम करणाऱ्या कंत्राटी मुलांनी मला बैठकीला बोलाविले. विमानतळाचे आणि ठेकेदाराचे नाव सांगत नाही. बैठक रात्री अकराला, एका टपरीमागे. पगार, गणवेश, हातमोजे अशी नेहमीची गाऱ्हाणी झाली. मग कोपऱ्यातला एक मुलगा बोलला. त्याला पोटाखालच्या एका सांध्यावर चार-पाच रिव्हेटच्या मागे काळे फराटे दिसले होते, धूर निघाल्यासारखे. फडक्याने पुसले, निघाले. दोन दिवसांनी तेच विमान आले, फराटे पुन्हा तेथेच. त्याने मुकादमाला सांगितले. मुकादम म्हणाला, "तुझं काम पुसायचं. बघायचं नाही."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मी आपला हातमोज्यांच्या मुद्द्याकडे वळलो. याची मला आजही लाज वाटते. अर्थ कळला तो पुढे, या व्याख्यानासाठी वाचताना. रिव्हेट सैल झाली की उडताना पत्र्याशी घासते, घासून बारीक काळी पूड निघते आणि वाऱ्याने मागे ओढली जाऊन फराटा उमटतो. कारागीर तिला धूर सोडणारी रिव्हेट म्हणतात. म्हणजे तो मुलगा नुसता मळ पुसत नव्हता, पुरावा पुसत होता, आणि ते त्याचे त्यालाच खटकले होते. विमानाच्या अंगावरून इंच न्‌ इंच हात फिरविणारा माणूस साऱ्या विमानतळावर तोच एक. इंजिनियर ठरल्या जागा पाहतो, वैमानिक एक फेरी मारतो. येरवड्याला तीन मेकॅनिक होते, तेव्हा धुणारा आणि पाहणारा एकच होता. आपण त्याचे दोन तुकडे केले. पाहणाऱ्याला परवाना दिला आणि धुणाऱ्याला मिनिटे मोजून दिली.

त्या मुलाने मात्र हार मानली नाही. चहाच्या वेळी एका इंजिनियरला गाठून त्याने जागा दाखविली. तो भला माणूस. बॅटरी घेऊन आला, पाहिले, खूण करण्यासाठी मुलाने कानावरची शिसपेन्सिल पुढे केली तर ओरडलाच, "पेन्सिल नको!" शिशाची रेघसुद्धा या पत्र्याला गंज लावते, हे मुलाला त्या दिवशी कळले, कोणी शिकविलेच नव्हते. रिव्हेट बदलल्या गेल्या. चार महिन्यांनी ठेका बदलला, आणि नव्या ठेकेदाराने जुन्यांतले निम्मे घेतले. त्या निम्म्यांत तो नव्हता.

कायद्याने काही करता आले नसते काय, असे तुम्ही विचाराल. ९ डिसेंबर १९७६ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारच्या अखत्यारीतील आस्थापनांत झाडणे, पुसणे, सफाई आणि राखण या कामांसाठी कंत्राटी मजूर लावण्यास मनाई केली होती. मनाई होती ती इमारतींपुरती. तिच्याच आधारे एअर इंडियाच्या सफाई कामगारांचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९९६ मध्ये निकाल लागला की, कंत्राट रद्द झाले तर कामगार आपोआप मूळ मालकाचा होतो. आम्ही पेढे वाटले. पाच वर्षे पुरती झाली नाहीत तोच, ३० ऑगस्ट २००१ रोजी, पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात मोठ्या पीठाने तो निकाल फिरविला. ज्या साली पेढे वाटले त्या सालीही एक शंका मला कोणी विचारली नव्हती. इमारतीची फरशी पुसणारा त्या अधिसूचनेत होता. बाहेर उभ्या असलेल्या विमानाचे पोट पुसणारा तीत नव्हता. विमान ही इमारत नव्हे.

परवा पुन्हा लोहगावला उतरलो. रात्रीचे साडेदहा. विमानापासून इमारतीपर्यंत नेणारी बस यावयाची होती, म्हणून आम्ही प्रवासी शिडीपाशी उभे होतो. दोन मुले लांब काठीला फडके बांधून पंखाखाली आली. एकाने फडके टेकविण्याआधी क्षणभर वर पाहिले, बॅटरीचा झोत सांध्यावरून फिरविला आणि मग पुसावयास लागला. मी विचारले, "बाळा, रात्रीत किती विमानं?"

"सात, काका. पावसाळ्यात नऊ."

"आणि ती बॅटरी ठेकेदाराची?"

"नाही. माझीच आहे," तो म्हणाला, आणि बस आली.